तपकिरी गोळ्यातून डीएनए काढायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

थीसिस जमा झाला, आता तुम्ही ताळगाव पठारावरचं आपलं गोवा विद्यापीठ सोडणार. आभार मानायचे राहू नयेत म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण खारफुटीवर काम करायला येणाऱ्या पुढच्या बॅचलाही ते कामी येईल.

भाताच्या पानातून डीएनए निघतो तसा खारफुटीतून निघत नाही. तिवर काय, कांदळ काय, पानात पॉलिफिनॉल (हवा लागली की तपकिरी होणारी द्रव्यं) आणि पॉलिसॅकराइड (चिकट शर्करा) ठासून भरलेली. पुस्तकातली कृती जशीच्या तशी केली की नळीच्या तळाशी तपकिरी गोळा बसतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, हलत नाही. तुम्ही प्रत्येक पायरी कारणासकट सांगितलीत. शेंड्याचं कोवळं पान घ्यायचं, मीठ धुऊन नीट टिपायचं. 100 मिलिग्रॅम पुरे. द्रव नायट्रोजनमधली पूड बफर पडण्याआधी वितळली तर फिनॉल काळवंडून डीएनएला चिकटतात. म्हणून 2 टक्के सीटॅबचा (पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या द्रव्याचा) बफर आधीच 65 अंशांवर तापलेला हवा. त्यात फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी असतंच. फिनॉल काळवंडू न देणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल मात्र आयत्या वेळी, तेही फ्यूम हूडमध्ये. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (24:1) घालून फिरवल्यावर वरचा थर घेताना हाव नको. मधला पांढरा पापुद्रा टिपमध्ये आला की मेहनत पाण्यात. गोळा खळीसारखा चिकट निघाला तर पॉलिसॅकराइड राहिलेत. पुढच्या वेळी बफरमधलं मीठ 1.4 मोलरवरून 2 च्या वर न्यायचं.

डीएनए किती शुद्ध ते 260 आणि 280 नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून बघतात. हा 260/280 चा आकडा 1.8 आला की सगळे खूश. फिनॉल, शर्करा राहिल्यात का ते दाखवणारा 260/230 बघायची सवय तुम्ही लावलीत. तो 1 च्या आसपास घुटमळत असेल आणि पीसीआरनंतर जेलवर डीएनएचा पट्टा (बँड) येत नसेल, तर बहुधा डीएनए कमी नसतो, अडथळा आणणारी द्रव्यं जास्त असतात. तिथे आणखी डीएनए घालणं म्हणजे आगीत तेल. 1:10 पातळ करून लावावा, बरेचदा बँड येतो. आणि डीएनएऐवजी पाणी घातलेली नळी दर वेळी हवीच. तिच्यात बँड दिसला तर जेल कितीही देखणा असो, निकाल बाद.

सीएसआयआरच्या नेट परीक्षेबद्दल थोडक्यात. लाइफ सायन्सेसच्या सी भागात 75 पैकी 25 च सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 वजा. तिथे प्रयोगाचे आलेख वाचता यावे लागतात. क्लासच्या नोट्सनी ते जमत नाही, असं आमचंही मत झालंय. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती हाती असली की गाइडच्या प्रोजेक्टच्या पैशांवर अडून राहावं लागत नाही, आणि गाइड निवडण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलून घ्यावं, हे दोन्ही सल्ले सोन्यासारखे.

चोडण बेटावरच्या खारफुटीच्या अभयारण्यातून पानं आणायची तर आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्या अर्जाचा तुमचा मसुदा आणि सीटॅबची कृती दोन्ही टाइप करून फाइलला लावलीत. कृतीत बफरचा पीएच लिहायचा राहिला होता, तो 8 आम्ही घातलाय. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

तुमचे,
वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी