मक्या, काळी एक का पांढरी दोन?

प्रिय मक्या,

आठ महिने तुझ्या मेसेजना नुसते अंगठे टाकत बसलो, शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आप्पांचा टेप दुरुस्त करून आणला. पट्टा पार सैल झालेला, दुरुस्तीवाल्याने नवा घातला आणि मोटरच्या भोकात बारका स्क्रूड्रायव्हर घालून स्पीडपण लावून दिला. घरी येऊन पहिली कॅसेट लावली ती आपलीच, बिनलेबलची, त्या जुन्या जर्मन संगीतकाराच्या, पाखेलबेलच्या, कॅननची. आणि काय रे, काळी एक नाही, तिच्या अर्धा सूर वरच्या पांढरी दोनमध्ये वाजली!

याच कॅसेटवरून भांडलेलो आपण, आठवतं? माडीवर तू पेटी काढून बसलेलास, पट्टी काळी एकच आहे म्हणून, आणि मी म्हणत होतो डी मेजर म्हणजे पांढरी दोनच, तुझी पेटीच उतरलीय. चार दिवस अबोला. (माझ्या वाटचं थालीपीठ खाल्लंस ते वेगळंच.)

मध्यंतरी जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंगं ऐकली. त्यातले बरेच जण ए हा सूर आजच्या 440 कंपनांऐवजी 415 ला लावतात, म्हणजे अर्धा सूर खाली, कागदावर डी मेजर आणि कानाला चक्क काळी एक. म्हटलं मेलो, मक्या बरोबर होता. पण मग लय? त्यातलेच म्युझिका अँटिक्वा कोल्नवाले तीनेक मिनिटांत आटपतात, एसटी सुटल्यासारखे. आपला कॅनन तर सरपटत जायचा, खाली तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा, वर एकाच वाटेने एकामागून एक निघालेली तीन व्हायोलिनं. म्हणजे तो फ्रेंच कंडक्टर पायारचा 1968 वाला असणार, सातेक मिनिटांचा आणि आजच्याच पट्टीतला. टेप मंद पडला की सूर आणि लय बरोबरच उतरतात, अर्ध्या सुराला साधारण सहा टक्के. तेव्हा तूही बरोबर, मीही बरोबर, गाढव तो पट्टा.

जवळपास सगळे शुद्ध सूर, बिलावलच म्हण, तरी रडू का येतं असं तू विचारायचास. आता येत नाही. छान वाटतं, बस.

पण खरी भानगड पुढेच आहे. बी साइडला आप्पा आहेत. तो दिवाळीचा हिशोब, तेल किती, रवा किती, मध्येच तुला ओरडलेत, "मकरंदा, पेटी बंद कर." ए साइड दुकानातून भरून आणलेली, पण हे याच टेपवर भरलेलं, मंद पट्ट्यावर. म्हणजे कॅनन सुधारला आणि आप्पा बिघडले. आवाज पातळ, घाईघाईचा, तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसासारखा. ही फोनवर ऐकून म्हणाली, हे कोण?

मग मीच तो स्क्रू उलटा फिरवला. थोडा, अजून थोडा. एका ठिकाणी वाटलं हेच आप्पा, चहा पिऊन आलो तर वाटलं नाही, जास्तच खर्जात गेले. अरे, मला त्यांचा आवाज नक्की आठवतच नाहीये. चार वर्षांत! रात्रभर फिरवत होतो.

वहिनींची बदली झाली का? पोराचं बारावीचं काय ते कळव, आणि ते कर्ज लवकर फेड बाबा.

तुझा कान पक्का. पुढच्या रविवारी ये, पेटी घेऊन ये. तू "थांब" म्हणशील तिथे स्क्रू थांबवतो, वाद घालणार नाही. कॅनन मग कुठल्याही पट्टीत वाजू दे. थालीपीठ दोघांना पुरेल एवढं लावतो.

तुझाच,
दिल्या