चिनूच्या सहीबद्दल

फोंडा, गोवा

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर "पोराला प्रयोगाला का दिलंस?" असे विचारले, तेव्हा घाईत मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

चिनूच्या शाळेत किशोरवयीन मुलांची झोप आणि मनःस्वास्थ्य यांच्या अभ्यासासाठी प्रश्नावली भरून घेणार आहेत. त्यात औषध नाही की सुई नाही. आम्हा दोघांच्या सह्या घेतल्याच, पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. चिनूने तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून ओळींखाली बोट फिरवत दोनदा वाचला, "मध्येच नको वाटलं तर सोडता येईल ना?" असे विचारले, आणि तसे लिहिलेली ओळ मी दाखवल्यावरच पूर्ण नाव लिहिले, आडनावाची शेवटची दोन अक्षरे समासात गेली.

बाबा, तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण मुलांचा अभ्यासच केला नाही तर काय होते, तेही पाहा. १९५० च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिले जाई. त्यांच्या कोवळ्या यकृताला त्याचा निचरा करता येत नसे, ते रक्तात साठत जाई आणि बाळे राखाडी पडून दगावत. दोष औषधाचाच आहे हे १९५९ मध्ये पद्धतशीर तुलना केल्यावर सिद्ध झाले. माझ्या मते अभ्यास न करता बाळांना ते औषध देणे हाच खरा प्रयोग होता, फक्त त्याला कुणी तसे म्हटले नव्हते.

आई, लहानपणी मी जुलाबांनी निपचित पडले होते, तेव्हा तू रात्रभर मला चमच्याचमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजलेस. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजवले; मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्यांनी आकडे नोंदवून ठेवले, म्हणून तर ते पुढे जगाला पटले.

आपल्या गोव्यातही १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना मुख्य आधार घरच्या माणसांचा वाटत होता, त्यांच्यात मानसिक आजार कमी आढळले. हे वाचताना चिनू रोज संध्याकाळी तुम्हाला जो फोन करतो, तोच माझ्या डोळ्यांपुढे आला.

शनिवारी साखळीला येताना त्या कागदाची प्रत आणते. बाबांनी ती सावकाश वाचावी, आणि तरीही शंका राहिली तर चिनूशीच बोलावे. सही त्याची आहे.

तुमची लेक