खोकणाऱ्या बकरीला पेनिसिलिन कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंतुनाशक प्रथिनांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण ‘ही प्रथिने जंतूची भिंत फोडतात’ इथेच तो थांबला आणि आमच्या बकऱ्यांना छळणारा जंतू नेमका बाहेर राहिला. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे आणि घाटंजी तालुक्यात पशुसखी (गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी घेणारी कार्यकर्ती) म्हणून काम करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, नसते. बकऱ्यांमधला सांसर्गिक फुप्फुसदाह त्याच्याच एका जातीमुळे होतो. ताप येतो, ढास लागते, नाक गळतं आणि बघता बघता सगळा कळप आजारी पडतो. फ्लेमिंगने १९२२ मध्ये जगापुढे मांडलेलं लायसोझाइम हे प्रथिन अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतं. ते भित्तिकेचे धागे कापतं. पेनिसिलिन तर भित्तिका नीट बांधूच देत नाही. पण जिथे भिंतच नाही, तिथे या दोघांनी करायचं काय? तरीही बकरी खोकली की मेडिकलमधून पेनिसिलिन आणून टोचतात. त्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात, तोवर शेजारच्या गोठ्यातली बकरी खोकू लागते.

भिंतीची गरज नसलेली प्रथिनंही आहेत. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन, बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन हे प्रथिनांचे छोटे तुकडे थेट पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यात, घुसून त्याला भोकं पाडतात. मायकोप्लाझ्माला हे पटल तेवढंच असतं. त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉलही तो जनावराच्याच अंगातून उचलतो. प्रयोगशाळेत मेलिटिनने तो मरतो. पण मेलिटिन रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतं, म्हणून हे वाचून कुणी बकरीला मधमाश्या चावू देऊ नयेत, ही हात जोडून विनंती!

आज हाताशी असलेली ऑक्सिटेट्रासायक्लिन, टायलोसिन ही औषधं जंतूचं प्रथिन बनवणंच रोखतात, त्यामुळे इथे ती उपयोगी पडतात. मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.

कापसाचे पैसे हाती येईपर्यंत आमच्याकडे बकरी विकूनच किराणा भरला जातो. म्हणून मागणी एवढीच, की खोकणाऱ्या कळपाचे नमुने तालुक्याच्या दवाखान्यातच घेतले जावेत, ते नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासायला पाठवावेत आणि बकरी जिवंत असताना अहवाल गावात पोहोचावा.

– एक पशुसखी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ