तक्रार पत्र: ‘सुसंगत’ म्हणून विकलेली १२८ जीबी रॅम सांगितलेल्या वेगाने चालत नाही

दि. २८ नोव्हेंबर २०२४
कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संकेतस्थळावरील चुकीच्या माहितीवरून घेतलेली डीडीआर५ (रॅमची एक पिढी) रॅमची दोन किट परत घेऊन बदलून देणे अथवा पूर्ण रक्कम परत करणे.

महोदय/महोदया,

मी कोल्हापुरात मोशन ग्राफिक्स आणि व्हिडिओ एडिटिंगचे काम करते. १२ ऑक्टोबर रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून रॅमच्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांचे एक, अशी प्रत्येकी ६४ जीबीची दोन किट (संच) घेतली. एकूण ४१,८०० रुपये भरले. चारही पट्ट्या एकत्र लावल्यावर माझे मशीन आपण जाहीर केलेल्या ६००० (सेकंदाला इतके दशलक्ष माहिती-व्यवहार) या वेगाने सुरूच होत नाही. २४ ऑक्टोबरला मी ई-मेलने तक्रार केली. पट्ट्या ‘डिफेक्टिव्ह’ नाहीत आणि पाकीट उघडलेले आहे, असे कळवून आपण ती फेटाळली. पट्ट्या निर्दोष आहेत हे मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार आपण दिलेल्या माहितीबद्दल आहे आणि आपल्या उत्तरात तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आधी मला एवढी रॅम कशासाठी हवी होती ते सांगते, कारण खरेदीआधी आपल्या प्रतिनिधीलाही मी हेच सांगितले होते. अंबाबाईच्या किरणोत्सवावरच्या एका माहितीपटाचे ग्राफिक्स माझ्याकडे होते. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर येतात, मग दरदिवशी वर सरकत जातात. किरणांचा हा सारा प्रवास मंदिराच्या आराखड्यावर एका सलग २२ सेकंदांच्या दृश्यात दाखवायचा होता. अंधारात हळूहळू विरत जाणारा प्रकाश ८ बिटमध्ये (रंगांच्या मोजक्याच छटांत) केला की त्यात पट्टे दिसतात, म्हणून हे काम मी ३२ बिटमध्येच करते. ३२ बिटमधली ४के आकाराची एक फ्रेम मेमरीत सुमारे १३३ एमबी जागा घेते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला ३.३ जीबी, म्हणजे २२ सेकंदांना जवळपास ७३ जीबी लागतात. आफ्टर इफेक्ट्स या ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये प्रिव्ह्यू पाहायचा तर तेव्हा या सगळ्या फ्रेम रॅममध्ये मावायला हव्या होत्या. ६४ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि बाकीच्या प्रोग्रॅमना जागा सोडली की जेमतेम १४-१५ सेकंद दिसतात. किरण उंबऱ्यापर्यंत येतो आणि प्रिव्ह्यू तिथेच थांबतो. त्या दृश्याची सगळी लय पुढच्या सात सेकंदांत होती.

आपल्या संकेतस्थळावर मदरबोर्डचे मॉडेल टाकून योग्य रॅम शोधण्याची सोय आहे. माझा मदरबोर्ड एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याची जागा) आहे, त्यावर रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आहे आणि रॅमचे स्लॉट चार आहेत. मॉडेल टाकल्यावर या किटपुढे हिरवी खूण आली आणि खाली ओळ आली: ‘आपल्या मशीनशी १०० टक्के सुसंगत. कमाल १२८ जीबी. वेग ६०००.’ तरीही शंका नको म्हणून मी आपल्या चॅटवर विचारले की एकच चार पट्ट्यांचे किट घ्यावे, की हेच किट दोनदा घेतले तरी चालेल? उत्तर आले, ‘मॅडम, सेमच आहे. दोन किट घ्या, चारही स्लॉट भरा, काही प्रॉब्लेम येणार नाही.’ त्या चॅटचे आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

हे उत्तर चुकीचे होते आणि का चुकीचे होते ते कुठेही सहज पाहता येते. एएमडीने या प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत पट्ट्यांच्या संख्येनुसार वेग दिलेला आहे. दोन पट्ट्यांसाठी ५२००. चार पट्ट्यांसाठी ३६००. दोन पट्ट्यांवर एक्स्पो प्रोफाइल (रॅम जाहीर वेगाने चालवण्याची तयार सेटिंग) चालू करून ६००० मिळवणे या व्यवसायात सगळेच धरून चालतात आणि ते बहुधा मिळतेही, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण या बोर्डवर स्लॉट चार असले तरी मेमरीचे चॅनेल (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा) दोनच आहेत. प्रत्येक चॅनेलवरच्या दोन पट्ट्या त्याच तारा वापरतात. त्यात आपली ३२ जीबीची पट्टी ड्युअल रँक आहे, म्हणजे तिच्यात चिप्सचे दोन गट (रँक) आहेत, दोन्ही बाजूंना मिळून २ जीबीच्या १६ चिप्स. अशा दोन पट्ट्या एका चॅनेलवर आल्या की सिग्नलवर चार रँकचा भार पडतो आणि वेग कमी केल्याशिवाय तो स्वच्छ पोहोचत नाही. मदरबोर्ड कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीतही आपले हे किट आहे, पण फक्त दोन पट्ट्यांच्या रकान्यात. चार पट्ट्यांचा रकाना रिकामा आहे. आपली हिरवी खूण या दोन्ही गोष्टी विचारात घेत नाही. स्लॉट डीडीआर५चा आहे का आणि बेरीज १२८ होते का, एवढेच ती पाहत असावी.

आणखी एक गोष्ट. दोन्ही किटचा मॉडेल क्रमांक एकच असूनही आतल्या चिप्स दोन वेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या. मशीनच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये हे स्पष्ट दिसते, त्याचाही स्क्रीनशॉट जोडला आहे. एका किटमधल्या पट्ट्या एकमेकींबरोबर तपासूनच पॅक केलेल्या असतात. दोन स्वतंत्र किटना ही हमी लागू होत नाही. रॅम विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवे. ‘सेमच आहे’ हे उत्तर याच मुद्द्यावर सर्वांत जास्त चुकीचे ठरते.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. चारही पट्ट्या लावल्यावर पहिल्यांदा कित्येक मिनिटे स्क्रीन काळीच होती. नव्या रॅमची जुळवणी करायला बोर्डाला वेळ लागतो हे माहीत होते, म्हणून मी थांबले. एक्स्पो चालू केल्यावर मशीन तीन वेळा आपोआप बंद-चालू झाले आणि मूळ सेटिंगवर परत आले. ५२०० वर विंडोज सुरू झाले, पण मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या फेरीत चुका दिसल्या. ४८०० वर चाचणी पार पडली. त्यावर विश्वास ठेवून मी रात्री रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करण्याचे काम) लावला. सकाळी पाहते तर ऐन गाभाऱ्याच्या दृश्यात ११ फ्रेमवर हिरवे चौकोन उमटलेले. पाहताना ते लक्षात आले म्हणून बरे. लक्षात आले नसते तर ते तसेच पडद्यावर गेले असते.

याच संदर्भात आपल्या जाहिरातीतले दुसरे वाक्यही तपासावे: ‘अंगभूत एरर करेक्शन, त्यामुळे वर्कस्टेशनसाठी सुरक्षित.’ डीडीआर५च्या चिपमध्ये असणारी ही सोय चिपच्या आतल्या चुका दुरुस्त करते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसतही नाही. त्यासाठी जास्तीच्या चिप्स असलेली खरी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) पट्टी लागते आणि मदरबोर्डचाही त्याला आधार लागतो. आपली पट्टी ईसीसी नाही. तिला वर्कस्टेशनसाठी सुरक्षित म्हणणे म्हणजे रात्रभर मशीन रेंडरला लावून झोपणाऱ्या माणसाची दिशाभूल करणे आहे.

शेवटी फक्त ३६०० वर मशीन स्थिर झाले. हिशेब केला तर ६००० ला मिळणारी सेकंदाला ९६ जीबीची कागदावरची क्षमता इथे ५७.६ जीबीवर येते. ६००० चे पैसे मोजून मला ३६०० ची रॅम मिळाली. दोन्ही किट मी वेगवेगळी तपासली, तेव्हा दोन्ही ६००० वर बिनचूक चालली. म्हणजे पट्ट्या ठीक, बोर्ड ठीक, प्रोसेसर ठीक. चूक दोन किट एकत्र विकण्याच्या सल्ल्यातच आहे. मुदत जवळ आल्यावर पुन्हा धोका नको म्हणून मी दुसरे किट काढून ठेवले, ते दृश्य दोन तुकड्यांत केले आणि काम वेळेत दिले. पण तो किरण सलग वर चढताना मला शेवटपर्यंत एकदाही नीट पाहता आला नाही, आणि सांधा जिथे आहे तिथे तो मला अजूनही जाणवतो.

याचे सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण योग्य उत्तर आपल्याच दुकानात होते. ४८ जीबीच्या दोन पट्ट्यांचे ९६ जीबीचे किट आपण विकता. त्यात ३ जीबीच्या चिप्स असतात, म्हणून दोनच पट्ट्यांत ९६ जीबी मावतात आणि वेगही टिकतो. त्यासाठी बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतो, माझा आहे. मला ७३ जीबी लागतात हे मी चॅटवर आकड्यासह लिहिले होते. त्यावर कुणीतरी ‘चार नको, मोठ्या दोन घ्या’ एवढे एक वाक्य लिहिले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करावे लागते. तो महिना २४ नोव्हेंबरला संपला. पाकीट न उघडता रॅम लावून पाहण्याचा मार्ग नाही, तेव्हा ते कारण मला मान्य नाही.

माझी मागणी अशी आहे. दोन्ही किट परत घेऊन ४८ जीबीच्या दोन पट्ट्यांचे किट द्यावे आणि किमतीतला फरक परत करावा. ते शक्य नसेल तर ४१,८०० रुपये आणि दोन्ही बाजूंचा कुरियर खर्च द्यावा. आपल्या शोधसाधनात पट्ट्यांची संख्या आणि रँक यांनुसार मिळणारा वेग दाखवावा आणि ‘वर्कस्टेशनसाठी सुरक्षित’ हे वाक्य काढून टाकावे. माझ्यासारखेच कुणी आज रात्री तीच हिरवी खूण पाहून पैसे भरत असेल, म्हणून या दुरुस्तीला मी माझ्या पैशांइतकेच महत्त्व देते.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. चारही पट्ट्या मूळ पाकिटांत जपून ठेवल्या आहेत. कुरियर कधी पाठवता तेवढे कळवावे.

आपली ग्राहक,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलाप्रमाणे)

सोबत: बिलाची प्रत, संकेतस्थळाचे व चॅटचे स्क्रीनशॉट, सीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, मेमटेस्टचे अहवाल, बिघडलेल्या ११ फ्रेम, आपला नकाराचा ई-मेल.