पिचरच्या कोपराचा हिशेब कोण ठेवणार?

महोदय,

पुण्यात क्रिकेटइतकी नसली, तरी बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळणारी मुले शाळांच्या मैदानांवर बरीच दिसतात. माझा बारा वर्षांचा नातू त्यांतलाच एक, आणि पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. मे महिन्यात एका शिबिरात त्याने सलग आठ दिवस चेंडू फेकले. नवव्या दिवशी तो डाव्या हाताने वरणभात खाऊ लागला. आजीने आधी हटकलेच, मग लक्षात आले की उजवे कोपर वाकत नसल्याने घास तोंडापर्यंत जात नव्हता. रोज किती चेंडू टाकून घेतले, याचा आकडा शिबिरात कोणाकडेही नव्हता. ‘सवय व्हायला हवी’ एवढे उत्तर मात्र तत्परतेने मिळाले.

अमेरिकेतील व्यावसायिक पिचरची कारकीर्द कोपरातल्या एका लिगामेंटवर (हाडांना हाडे जोडणाऱ्या चिवट पट्ट्यावर) तोललेली असते. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचे ते लिगामेंट जुलै 1974 मध्ये फाटले. तोवर अशा दुखापतीनंतर पिचरने घरी बसायचे, हीच रीत होती. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली, तीही यशाची शक्यता शंभरात एक असल्याचे सांगून. 1975 चा संपूर्ण हंगाम बाहेर काढून जॉन 1976 मध्ये परतला आणि थेट 1989 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी थांबला. त्याच्या नावावरील 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. (तेथे विजय पिचरच्या खात्यावर लिहितात, आपल्या गोलंदाजांना हेवा वाटावा अशीच ही पद्धत आहे.)

ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. परंतु ती शाळकरी मुलांवरही करावी लागू लागली, तेव्हा तेथील बेसबॉल संघटनांनी 2014 मध्ये वयानुसार मार्गदर्शक मर्यादा घालून दिल्या. त्यांनुसार 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू टाकावेत, 66 वा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी आणि वर्षातून किमान चार महिने फेक बंद ठेवावी. याला ना यंत्र लागते ना निधी. मोजणारा एक माणूस लागतो.

नातवाला सध्या सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तो पुन्हा मैदानावर जाईल तेव्हा वही-पेन्सिल घेऊन मी स्वतः बसणार आहे. शिबिरचालकांनी कुंपणाजवळ सावलीत एक खुर्ची तेवढी ठेवावी, ही विनंती.

— एक आजोबा, कोथरूड, पुणे