टायरमधून तेल निघतं, डिझेल नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सध्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय, एका बाजूने जुने टायर आणि प्लास्टिक टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने डिझेल काढायचं, आणि तो बघून आमच्या सोसायटीत पण लोक म्हणायला लागलेत की हे नवी मुंबईत सुरू करा, कचऱ्याचा प्रश्नच मिटेल. मी रबाळे एमआयडीसीत बॉयलरवर नोकरी केली, हे तेल स्वतः जाळलंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

तेल निघतं हे खरंय. टायरचे तुकडे बंद रिअ‍ॅक्टरमध्ये हवा न लागू देता ४००-५०० डिग्रीपर्यंत तापवतात, रबराची वाफ होते आणि ती थंड केली की तेल, म्हणजे हातभट्टीवर दारू गाळतात तसंच. एक टन टायरमागे साधारण ४००-४५० किलो तेल मिळतं, ३०० किलोच्या वर काळी कार्बन पावडर, शंभरेक किलो तार, उरलेला गॅस परत तीच भट्टी तापवायला वापरता येतो. पण हे फर्नेसचं तेल आहे हो, गाडीत घालायचं नाही! रबर कडक करायला गंधक घालतात आणि ते तेलात उतरतं, जवळपास एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत दहा हजार). पंपावरच्या बीएस-६ डिझेलला, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमाच्या डिझेलला, मर्यादा १० पीपीएमची आहे. गंधक काढायला वेगळी रिफायनिंग लागते, ती त्या व्हिडिओत कुठेच दिसत नाही.

प्लास्टिकचं पण सगळं सरसकट चालत नाही. दुधाच्या पिशव्या, तेलाचे कॅन, थर्माकोल यांचं तेल चांगलं निघतं. देहरादूनच्या सरकारी पेट्रोलियम संस्थेने २०१९ मध्ये रोज एक टनाचा प्लांट उभा केला, टनामागे ८०० लिटरपर्यंत डिझेल असं सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे निवडलेलं प्लास्टिक जातं. त्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे आले की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा गॅस होतो आणि मशीन आतून खातो. आणि आपण ओला-सुका एकत्र फेकणार, मग बरीच उष्णता पाणी वाळवण्यातच जाणार.

मला खरी काळजी आहे ती स्वस्तातल्या बॅच प्लांटची, म्हणजे एका वेळी एकच खेप भरून शिजवायच्या भट्टीची. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या वाडा तालुक्यात टायरचे बरेच कारखाने आहेत, तिथल्या गावातल्या लोकांना धुराचा त्रास काय असतो ते विचारा. बॅच प्लांटमध्ये एक खेप शिजली की दरवाजा उघडून कार्बन हाताने काढायचा असतो. पुढची बॅच लवकर लावायची म्हणून रिअ‍ॅक्टर पूर्ण थंड व्हायच्या आधी उघडला, आत गॅस उरलेला असेल आणि हवा शिरली, तर भडका उडतो आणि समोर उभा असतो तो रोजंदारीवरचा माणूस. काजळी अंगावर, नाकात, आजूबाजूच्या भातशेतीवर. कंटिन्युअस प्लांटमध्ये माल बंद नळीतूनच आत जातो आणि बंदच बाहेर येतो, महाग पडतो पण माणसाला दरवाजा उघडून भडक्यासमोर उभं राहावं लागत नाही, म्हणून परवानगी द्यायचीच तर फक्त त्यालाच द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम नाहीत असं नाही. २०२२ पासून टायर कंपन्यांवरच जुन्या टायरची जबाबदारी टाकलीय, तेल काढण्यासाठी बाहेरच्या देशातून भंगार टायर आणायला पण बंदी आहे. पण आपण टायर बदलतो तेव्हा जुना दुकानातच सोडून येतो, तो टेम्पोत बसून कुठे जातो कोण विचारतंय? रिमोल्ड होण्यासारखा, म्हणजे वर नवीन रबर चढवून परत वापरण्यासारखा असेल तर आधी रिमोल्ड व्हावा, भट्टी सगळ्यात शेवटी. दुकानदाराने जुना टायर कोणाला दिला त्याची पावती ठेवावी आणि पालिकेने ती तपासावी.

सुरुवात सरकारी गाड्यांपासून करता येईल. एनएमएमटी आणि टीएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई आणि ठाणे पालिकेच्या बसचे बाद झालेले टायर लिलावात कोण घेतं, ते पुढे कुठल्या प्लांटला जातात आणि तो बॅचचा आहे की कंटिन्युअस, एवढं तुमच्या वार्ताहराने दोन्ही ठिकाणी जाऊन विचारावं आणि मिळेल ते उत्तर पेपरात छापावं ही विनंती.

आपला एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई