‘सिस्टर, त्या रात्री पाणीच होतं ना?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका आहे. पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत माझी एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त मेडिसिन वॉर्डात. येत्या १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन आहे. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. रॅली निघतील, तपासणी शिबिरं होतील, तपासणीच्या निकालाची कार्डं वाटली जातील. त्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावं म्हणून आता लिहायला बसले आहे. शिबिरात जे दिसत नाही ते मी वॉर्डात रात्रीचं पाहिलं आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

रोवणीचे दिवस होते. आमच्या झाडीपट्टीत रोवणी म्हणजे भाताची रोपं लावताना दिवसभर चिखलात वाकून राहायचं, वरून पाऊस. सिकलसेल असलेल्या माणसाला गारठा, अंगमेहनत आणि पाणी न पिणं या तिन्ही गोष्टी वर्ज्य, आणि रोवणीत त्या तिन्ही एकदम येतात. रात्री साडेनऊच्या सुमारास एकोणीस वर्षांचा एक पोरगा ॲडमिट झाला. नखांत चिखल तसाच होता. त्या वर्षातली त्याची चौथी की पाचवी खेप, त्यामुळे वॉर्डात सगळे त्याला ओळखत. केसपेपरवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक इंजेक्शन होतं आणि खाली ‘गरज पडल्यास ट्रॅमाडॉल’, म्हणजे त्याहून जोरदार. डायक्लो मी दिलं. तासाभराने तो म्हणाला, “सिस्टर, हाडं फुटून राहिली. डायक्लोनं मला होत नाही, ट्रॅमाडॉल लावा ना.”

इंजेक्शनचं नाव त्याच्या तोंडून आलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला नाव कसं माहीत? मागून घेतो म्हणजे सवय लागलेली दिसते. मघाशी तर मोबाईल बघत होता. बीपी नॉर्मल, ताप नाही. वॉर्डात पंचेचाळीस पेशंट, मी एकटी आणि सोबत एक मावशी. कीटकनाशक प्यायलेला एक शेतकरी समोरच्या खाटेवर अत्यवस्थ. मी डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूल फोडली, २ एमएल पाणी सिरिंजमध्ये भरलं आणि त्या पोराला लावलं. पेपरवर ट्रॅमाडॉल लिहिलं. अर्ध्या तासात तो गप्प झाला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी मावशीला म्हटलं, “बघ, पाण्याने बरा झाला. नाटक होतं सगळं.”

पहाटे त्याला धाप लागली. छातीत दुखत होतं, ऑक्सिजन उतरला होता. हाडांच्या दुखण्यासाठी भरती झालेल्या सिकलसेलच्या पेशंटच्या फुप्फुसावर असा घाला येऊ शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो, हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं. सकाळी त्याला नागपूरला रेफर केलं. तो वाचला.

दिवाळीनंतर तो पुन्हा आमच्याच वॉर्डात आला. या खेपेला काहीच मागत नव्हता. मीच जवळ जाऊन विचारलं, दुखतंय का रे? म्हणाला, थोडं थोडं. ओठ दाताखाली धरलेला होता. मग खाली बघत हळूच म्हणाला, “सिस्टर, त्या रात्री पाणीच होतं ना? ट्रॅमाडॉल लावलं का मला गरगरते, मळमळते. त्या रात्री काहीच नाही झालं.” मी विचारलं, मग गप्प का झालास? म्हणाला, “ओरडलो असतो तं तुम्ही अजून चिडल्या असत्या.”

साहेब, मी कामचुकार नव्हते. माझ्या हाताने शेकडो बाळंतिणी आणि सर्पदंशाचे पेशंट बरे होऊन घरी गेले. त्या रात्री मी जे केलं ते माझ्या बहुतेक मैत्रिणींनाही बरोबरच वाटलं असतं, आणि म्हणूनच ते सांगते आहे. ड्युटी रूममध्ये आमची भाषा ठरलेली होती. ‘आला परत’, ‘नेहमीचा आहे’, ‘इंजेक्शनवाला’. नवीन आलेली मुलगी आठवडाभरात ही भाषा शिकते, कारण तिला दुसरं कुणी काही शिकवलेलंच नसतं.

आम्हा सिस्टर लोकांना जखम दिसली की दुखणं पटतं. मांडीचं हाड मोडलेला माणूस किंचाळला तर त्याला कुणी नाटकी म्हणत नाही. सिकलसेलमध्ये हाड शाबूत असतं, पण त्याच्या आतला रक्तपुरवठा तुंबतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो ॲसिड बदललेलं असतं. तेवढ्याने, ऑक्सिजन कमी पडला की गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक नळ्यांत अडकते, आणि पुढचा भाग रक्तावाचून मरायला लागतो. हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचं जे होतं ते इथे हाडातल्या मगजाचं होतं. ही कळ दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. एक्स-रेत त्या रात्री काही दिसत नाही. बीपी, ताप, नाडी सगळं ठीक असूनही कळ असह्य असू शकते. पेशंट जे सांगतो तेवढाच पुरावा सिस्टरच्या हातात असतो, आणि नेमका तोच पुरावा आम्ही खोटा धरतो.

मोबाईलचंही तसंच. लहानपणापासून हे दुखणं सोबत असलेला माणूस दर वेळी रडत नाही. मन दुसरीकडे लावतो, थकून डोळे मिटतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आरामात आहे. आणि औषधाचं नाव माहीत असण्याबद्दल मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. शुगरचा पेशंट इन्सुलिनचे युनिट अचूक सांगतो तेव्हा आम्ही त्याचं कौतुक करतो. सिकलसेलचा पोरगा आपल्याला कशाने उतार पडतो ते सांगतो तेव्हा तो व्यसनी ठरतो.

इथे एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. हा आजार आपल्याकडे सगळ्यात जास्त कुणाला आहे? गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा यांना, आणि विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये. ड्युटी रूममध्ये ‘या लोकांना’ हे दोन शब्द फार सहज निघतात. ‘या लोकांना सवयच असते’, ‘या लोकांचं असंच’. आमच्यातल्या कितीतरी सिस्टर त्याच गावांतून, त्याच समाजांतून आलेल्या आहेत, तरी वॉर्डातली हवा लागली की त्याही तेच बोलतात.

हे फक्त आपल्या मुलखात घडतं असंही नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सिकलसेलचे बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय, आणि तिथेही त्यांच्या वाट्याला हाच संशय येतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की इमर्जन्सीमध्ये आलेल्या सिकलसेलच्या पेशंटला हाड मोडलेल्या पेशंटच्या जवळजवळ दीडपट वेळ ताटकळावं लागतं. लंडनमध्ये २०१९ साली २१ वर्षांच्या एका तरुणाने दवाखान्यातल्या खाटेवरून ऑक्सिजन मागितला. कुणी मनावर घेतलं नाही, तेव्हा त्याने त्याच खाटेवरून ९९९ या आपत्कालीन नंबरला स्वतः फोन लावला. तो वाचला नाही. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाने एक अहवाल काढला, त्याचं नावच ‘कुणीच ऐकत नाही’ अशा अर्थाचं आहे. आणि तिथे तर २०१२ पासून लेखी मार्गदर्शक सूचना होती : पेशंट दारात आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक द्या, उतार पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी त्याला विचारा. कागदावर सूचना असूनही माणूस गेला, कारण खाटेपाशी उभ्या असलेल्यांनी त्याचं म्हणणं खरं धरलं नाही. आपल्याकडे अजून कागदापासूनच सुरुवात आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. आपल्या राज्यात तर सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हे काम मोठं आहे, मी स्वतः त्यात राबले आहे. मला प्रशिक्षण मिळालं ते बोटातून रक्त कसं घ्यायचं, सोल्युबिलिटी ही प्राथमिक टेस्ट गढूळ आली तर नमुना पुढे खात्रीच्या तपासणीला, इलेक्ट्रोफोरेसिसला, कसा पाठवायचा, लग्नाआधी दोघांची कार्डं बघा हे घरच्यांना कसं समजवायचं, याचं. म्हणजे पुढची पिढी आजारी जन्मू नये याचं. जो आज आजारी आहे, त्याला रात्री अकराला कळ आली तर काय करायचं, यावर त्या प्रशिक्षणात एक तासही नव्हता. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या तीन वर्षांत सिकलसेल आम्हाला ॲनिमियाच्या धड्यात एका परिच्छेदात भेटला होता.

आता मागणं.

पहिली गोष्ट लेखी स्टँडिंग ऑर्डर. रात्री डॉक्टर एक, आणि तोही बहुतेक वेळा अपघात विभागात किंवा लेबर रूममध्ये अडकलेला. सिस्टरच्या हातात जिल्हा शल्य चिकित्सकांच्या सहीचा कागद हवा : सिकलसेल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, पेशंट कळ घेऊन आला तर पहिला डोस कोणता, किती, पुन्हा किती वेळाने, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन कधी मोजायचा, कोणत्या खुणा दिसल्या की डॉक्टरांना उठवायचंच. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचना एका तासाच्या आत पहिला डोस द्या असं सांगतात. आपण तासाभराचं बंधन घालून घेतलं तरी पुष्कळ झालं. केसपेपरवर दोन वेळा लिहिण्याची सक्ती करा : पेशंट किती वाजता आला आणि पहिला डोस किती वाजता मिळाला. आज आपल्या आढावा बैठकीत तपासण्यांचे आकडे येतात. त्यांच्या शेजारी हाही आकडा मागा. वरून जो आकडा विचारला जातो तेच काम खाली होतं, हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट मॉर्फिन. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला हे औषध सहज मिळावं म्हणूनच. तरी मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वॉर्डातल्या कपाटात मॉर्फिन कधी आलं नाही. मग काय, डायक्लोवर डायक्लो. सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते, वर्षानुवर्षं ही इंजेक्शनं मारून आम्ही ती आणखी खराब करत आलो. गडचिरोलीपासून धारणीपर्यंत आणि तिकडे अक्कलकुवा-धडगावपर्यंत, जिथे हे पेशंट आहेत तिथल्या उपजिल्हा रुग्णालयांना मान्यता द्या, साठा द्या, सोबत त्याचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन द्या आणि सिस्टरना ते वापरायला शिकवा. आम्ही औषध नाकारतो त्यात संशयाइतकीच भीतीही असते. श्वास थांबला तर? चौकशी लागली तर? नोकरीवर आलं तर? ही भीती कुणी बसून, समजावून घालवलीच नाही.

कार्डाबद्दलही एक सुचवते. कार्डावर एसएस किंवा एएस (नुसता वाहक) लिहिलेलं असतं. एसएस पेशंटच्या कार्डामागे त्याच्या डॉक्टरांनी चार ओळी लिहाव्यात : नेहमीचं हिमोग्लोबिन किती, कळा कमी याव्यात म्हणून रोज घ्यायचं हायड्रॉक्सीयुरिया किती चालू आहे, कळ आली की कोणतं औषध कोणत्या डोसने लागू पडतं. मग त्या पोराला इंजेक्शनचं नाव तोंडाने घ्यावं लागणार नाही, नुसतं कार्ड पुढे केलं की झालं.

आणि नर्सिंग कॉलेजमध्ये हा विषय शिकवायचा तर एखाद्या एसएस पेशंटला वर्गात बोलवा. मानधन द्या, खुर्ची द्या आणि बोलू द्या. मला जे त्या पोराच्या एका वाक्याने कळलं ते कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

एक विनंती. हे पत्र वाचून कुठल्याशा वॉर्डातल्या सिस्टरला नोटीस निघाली असं होऊ देऊ नका. पंचेचाळीस पेशंटमागे एक सिस्टर असली की जो गप्प तो बरा, असंच तिचं मन ठरवून टाकतं. रिकाम्या जागा भरा. नाहीतर स्टँडिंग ऑर्डरचा कागद भिंतीवर राहील आणि तो वाचायलाही कुणाला वेळ नसेल.

तो पोरगा आता चाळिशीकडे आला आहे. खुब्याचा सांधा गेला, कुबडी घेऊन चालतो, रोवणीला जात नाही, घरीच शिलाई मशीन चालवतो. त्याच्या धाकट्या बहिणीलाही एसएस आहे आणि ती अजून रोवणीला जाते. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, “सिस्टर, आता तिला घेऊन जावं लागते दवाखान्यात. तुम्ही नसता ना तिथं आता?” मी नसते. तिथे दुसरी कुणीतरी पोर आहे, नवीन लागलेली, रात्रीच्या ड्युटीवर एकटी.

१९ जूननंतर दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे रोवणी सुरू होते. तोपर्यंत तो एक कागद तिच्या टेबलावरच्या काचेखाली पोचवा, एवढंच मागते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
गडचिरोली जिल्हा